निरोगी माणसाचं रक्त

सिहेम ग्रायरी आमच्या ट्युनिसच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक, होती. चौतिशी उलटलेली, लग्न नाही, जीभ फटकळ. दक्षिणेकडच्या काही घराण्यांत चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं हात थरथरायला लागतात, मग पाय जातात, मग वाचा. त्या रोगात पेशीच्या पोटात नेमकं काय बिघडतं, एवढंच तिला शोधायचं होतं. ते सापडलं की स्वित्झर्लंडमधली पोस्टडॉकची जागा तिची, असा शब्द आमचे साहेब सी मुन्सिफ ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'राव') यांनी दिलेला. त्या शब्दावर ती जगत होती.

रोग्यांचं रक्त गावांकडनं यायचं. तुलनेला निरोगी रक्त कोण देणार? आमच्यात रीतच होती, ज्याचा प्रयोग त्याचं रक्त. सिहेम बाही सारून मला म्हणायची, "ओढ गं. बाजारातल्या मासळीपेक्षा ताजं आहे."

पण दोन वर्षं फरकच दिसेना. ज्या प्रथिनावर तिचा संशय, ते रोग्यांच्या पेशीत जेवढं, निरोग्याच्याही तेवढंच. सी मुन्सिफ सगळ्यांदेखत सुनवायचे, "बाई, तुझ्या हातात काम नासतं. घरी बसून रव्याचं कुसकुस वळ!" तिच्या हाताखालचा वज्दी खिदळायचा. ती प्रयोग पुन्हा मांडायची.

शेवटी 'फरक नाही' असाच निबंध धाडला, तर नियतकालिकाच्या परीक्षकांनी खोडा घातला: निरोगी माणसाचं जनुकही वाचून दाखवा. वज्दी निकाल घेऊन नाचतच आला. "ताई, तुमची नळी रोग्यांत मिसळली! तोच बिघाड!"

"गाढवा, नळ्या धुतोस की चाटतोस?" म्हणत तिनं ताजं रक्त दिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच आलं, तेव्हा कुणी हसलं नाही. तिचा बाप दक्षिणेतलाच, ऐन तिशीत होडी उलटून गेलेला. रोगाला त्याच्यापर्यंत पोचायला सवडच मिळाली नव्हती.

सी मुन्सिफ ऐकून खुर्चीतनं उठले. वाटलं, तिच्या डोक्यावर हात ठेवतील.

"अल्हमदुलिल्ला! म्हणजे प्रयोग चुकलाच नव्हता! वज्दी, बाही वर कर."

वज्दीच्या रक्तानं फरक लखलखीत आला. निबंध स्वीकारला गेला तेव्हा साहेबांनी मक्रूद, खजुराच्या मधाळ वड्या, वाटल्या.

"मग मी कधी निघू, सी मुन्सिफ?" सिहेमनं विचारलं.

"तू?" त्यांनी बोटांवरचा मध चाटला. "पोरी, तिकडं पाच वर्षांचं बारीक काम. तुझे हात टिकतील तोवर? वज्दी जाईल. तू इथंच हवीस. अजून धडधाकट असलेला रोगी आम्हाला दुसरा कुठं मिळायचा?"

निघण्याआधी वज्दी तिचं रक्त काढायला बसला. नळीवर आता नाव नव्हतं, नुसता आकडा. सुई दोनदा शिरेवरनं घसरली.

"ताई, हात हलवू नका ना."

सिहेमनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. बघतच राहिली.

"मी कुठं हलवतेय रे?"