चढावरची वही

रज्जाकभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, त्यांनी फुकट तपासणीला बोलावलेली माझी गाडी काचेपलीकडे वर उचलली जाताना बघत, मशीनची पांचट कॉफी पीत बसले होते. जुबेदावहिनींचा आवाज अगदी शांत होता. पहाटे झोपेतच गेले म्हणाल्या, दुपारच्या नमाजनंतर नेणार आहेत, ताई, तुमाला आधी सांगावंसं वाटलं. मी नुसतं ‘येते’ म्हटलं. तेवढ्यात तिथला माणूस टॅब घेऊन समोर उभा राहिला आणि रीतीप्रमाणे विचारता झाला, ‘मॅडम, गाडीची काही तक्रार?’ ... सहा वर्षांपूर्वी ह्याच खुर्चीत बसून ह्याच प्रश्नाला मी घसा कोरडा पडेपर्यंत उत्तर दिलं होतं, आणि ते कुणी कानावर घेतलं नव्हतं. तक्रार कशी सांगायची ते मला ज्यानं शिकवलं, तो माणूस त्या दिवशी गेला. काही तक्रार नाही म्हटलं, तेवढी गाडी लवकर द्या, मला कामशेतला जायचंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. राहते लोणावळ्यात, आणि घरोघर जाऊन लोकांना उठवते, बसवते, चालवते. गुडघे, खुबे, मोडून सांधलेले हात, लकवा. पवनेच्या बाजूला एक पेशंट, कामशेतला दोन, कुरवंड्याला एक, असा माझा दिवस जातो. आधी स्कूटर होती, मग पै पै साठवून गाडी घेतली. नवीकोरी, दोन वर्षांची वॉरंटी, आणि आमच्या गल्लीत पेढे. दीड वर्ष गाडीनं काही त्रास दिला नाही, आणि मग एका सकाळी कुरवंड्याच्या चढावर ती कण्हली, दोन आचके दिले आणि बंद पडली. मागे पर्यटकांच्या गाड्यांची रांग, भोंग्यांचा कालवा, आणि मी दोन्ही पाय ब्रेकवर रोवून घामाघूम. पाच मिनिटांनी चालू झाली ती जणू काही घडलंच नाही अशी. मग हे अधूनमधून व्हायला लागलं.

कुरवंड्याला माझ्या पेशंट तान्हूमावशी होत्या. लकव्यानं उजवी बाजू गेलेली. अशा आजारात पहिले काही महिने सोन्याचे असतात, तेव्हा जेवढं हलवून घ्यावं तेवढं परत मिळतं, पुढे ते दार हळूहळू मिटत जातं. दिवसाआड जायचं ठरलेलं, आणि मी गाडीच्या भीतीनं आठवड्यातून एकदा जायला लागले होते. दर वेळी मावशी तोंडाची एक बाजू वाकडी करून विचारायच्या, ‘आता कवा?’ आणि मी परवा म्हणून खोटं बोलायची. मला रात्री झोप लागायची नाही ती ह्या खोट्यामुळे. गाडी विकावी, कुरवंड्याचं काम सोडावं, इथपर्यंत मी आले होते.

सर्व्हिस सेंटरला मी तीनदा गेले. तिन्ही वेळा त्यांनी कॉम्प्युटर जोडला, हायवेवर चक्कर मारली आणि कागदावर छापून दिलं, दोष आढळला नाही. तिसऱ्या वेळी एका भल्या गृहस्थांनी मला चढावर गिअर कधी बदलावा हे समजावून सांगितलं, अगदी गोड आवाजात. बावीस वर्षं मावळातले घाट चढतेय मी. त्या दिवशी माझं डोकं असं फिरलं की घरी न जाता सरळ कामशेतला रज्जाकभाऊंच्या गॅरेजसमोर गाडी नेऊन उभी केली. त्यांच्याशी ओळख होती ती स्कूटरमुळे. उंच, किडकिडीत, नाकावर चष्मा, त्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. मी बॉनेट उघडलं, म्हटलं भाऊ, तुम्हीच काय ते करा. तर हा माणूस दोन्ही हात पाठीमागे बांधून गाडीभोवती फिरायला लागला. हात काही पुढे येईना.

‘ताई, मी एक नट जरी ढिला केला तरी ते म्हणणार भायेर खोलली, वारंटी गेली,’ ते म्हणाले. ‘दोन म्हैने ऱ्हायलेत ना? मग हे काम त्यांचंच हाय. त्यांच्याकडूनच करून घ्यायचं.’

मी चिडले. म्हटलं, ते ऐकत नाहीत म्हणून तर तुमच्याकडे आले, आणि तुम्ही हात बांधून उभे. त्यांनी शांतपणे आत जाऊन एक शाळकरी वही आणली आणि माझ्या हातात ठेवली. ह्यात रोज लिहायचं. कुठला रस्ता, चढ की सपाट, ऊन की गारवा, किती माणसं, टाकी किती, आवाज आला की नाही. आणि मुख्य म्हणजे नुसती रड लिहायची नाही, बरा दिवसही लिहायचा. ज्या दिवशी काही झालं नाही त्या दिवशी ‘आवाज न्हाई’ असं लिहायचं, नाहीतर ते म्हणतील बाईला खोडच आहे तक्रारीची. मला तो सगळा प्रकार पोरखेळ वाटला. तरी लिहिलं, कारण दुसरं करणार काय.

महिन्याभरानं मी वही घेऊन गेले. ते स्टुलावर बसून एकेका ओळीवर काळं बोट फिरवत वाचत गेले, मध्येच मागची पानं उलटत. मग विचारलं, सेंटरला गाडी नेता तेव्हा काय काय करून नेता? मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. आदल्या दिवशी स्वच्छ धुते, आतून पुसते, आणि जाताना टाकी फुल करते. आमच्या आईची शिकवण, दुसऱ्याच्या दारी जायचं तर नीटनेटकं जावं, रिकाम्या पोटी जाऊ नये. माणसाला लागू ते गाडीला लागू, असं मी धरून चालले होते. रज्जाकभाऊ हसायला लागले. चष्मा काढून डोळे पुसून हसले.

‘ताई, तुमी दुखणं घरी ठिवून डागतराकडं जाताय.’

वहीत ते स्वच्छ दिसत होतं आणि मला दिसलं नव्हतं. गाडी बंद पडली त्या प्रत्येक दिवशी टाकी पावाच्या खाली होती आणि रस्ता चढाचा. टाकी भरलेली असली की ‘आवाज न्हाई’. त्यांनी तळहातावर तळहात तिरका धरून दाखवलं, नाक वर झालं की थोडं राहिलेलं पेट्रोल मागे पळतं, आणि टाकीतला पंप मुळातच अशक्त, त्याला ते ओढवत नाही. मी दर वेळी टाकी भरून, सपाट हायवेवरच्या सेंटरमध्ये, निरोगी गाडी तपासायला देत होते. त्या लोकांना मी काय काय बोलले होते ते आठवून मला माझीच लाज वाटली... थोडी. अगदीच त्यांची चूक नव्हती असंही नाही. विचारायला काय जात होतं?

पुढच्या आठवड्यात वहीची झेरॉक्स सेंटरच्या मॅनेजरसमोर ठेवली आणि म्हटलं, तुमचा माणूस द्या, माझ्याबरोबर चढावर येऊ दे. कुरकुरत का होईना, त्यांनी इस्त्रीच्या शर्टातला एकजण दिला. रज्जाकभाऊ अर्धा दिवस गॅरेज बंद करून आले आणि मागच्या सीटवर बसले. निघताना मला एवढंच बजावलं होतं, तुमी गप बसायचं, गाडीला बोलू द्या. टाकीचा काटा पावाच्या खाली. कुरवंड्याच्या वाटेवर तिसऱ्या वळणाला गाडीनं तिचे ते दोन आचके दिले आणि बंद पडली. इतका आनंद मला गाडी सुरू होण्याचाही कधी झाला नव्हता. भाऊ उडी मारून उतरले, रस्त्याकडेचा धोंडा उचलून मागच्या चाकाला लावला. इस्त्रीवाला खाली उतरला, टाकीच्या बाजूला वाकला, मग म्हणाला, मॅडम, सॉरी. मुलगा चांगला होता. चार दिवसांत वॉरंटीत नवा पंप बसला, आणि मी तान्हूमावशींकडे दिवसाआड जायला लागले.

पण त्या वळणावर मला आणखी एक आवाज ऐकू आला होता. धोंडा लावून भाऊ डिकीला टेकले होते, धापा टाकत, आणि त्यांचा हात डाव्या जबड्यावर होता. एवढ्याशा धोंड्यानं? मी म्हटलं, भाऊ, बिड्या सोडा. ते म्हणाले, आयुष्यात ओढली न्हाई. मग जबडा का धरलाय? दाढ दुखते म्हणाले, तशी ती मागच्या महिन्यात काढली, तरी दुखते. आणि चढावर जास्त दुखते, असं अगदी सहज सांगून टाकलं. चढावर दुखणारा जबडा हृदयाचा असू शकतो, हे मला माहीत होतं. दोन दिवसांनी गॅरेजवर गेले आणि सरळ विषयाला हात घातला. डॉक्टरला दाखवलंय, ईसीजी काढलाय, सगळं साफ, असं म्हणत त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. छापलेलंच होतं, दोष नाही. मी विचारलं, भाऊ, दवाखान्यात गेलात कसे? त्यांनी सांगितलं. जुम्मा होता, अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, अत्तर लावलं, गॅरेजला सुट्टी. दवाखान्यात तासभर पंख्याखाली बसून नंबर आला.

‘म्हणजे टाकी फुल करून गेलात,’ मी म्हटलं. ‘आणि दाढ काढलीत ती, चुकीचा पार्ट बदललात.’

ते हातातला पाना उगीच फडक्यानं पुसत राहिले. मी तशीच एक कोरी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना राग आला, खरंच आला. आमा गरिबाला काय हुतंय, उगा येड लावू नका ताई, असं म्हणून पाठ फिरवली. मीही कमी नाही. सांगून टाकलं, ज्या दिवशी वहीत पहिली ओळ दिसेल त्या दिवशी माझी गाडी ह्या दारात येईल, तोवर नाही. पंधरा दिवस आमचं बोलणं नव्हतं. मग जुबेदावहिनींचा फोन आला, लिवत्यात ओ, चोरून लिवत्यात, मोरीमागच्या जिन्यावर दम, टायर उचलला दम, असं सगळं लिवलंय. वही घेऊन आम्ही तिघं मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती नीट वाचली, मग भाऊंना चालायच्या मशीनवर चढवलं, आणि पट्टा तिरका होताच कागदावरची रेघ बदलली. दोन रक्तवाहिन्या तुंबलेल्या. दोन स्टेंट.

त्यानंतर साडेपाच वर्षं मिळाली. लेकीचं लग्न झालं, नातू मांडीवर खेळला, आणि गॅरेजच्या भिंतीवर एकेका खिळ्याला एकेक वही लटकायला लागली. वॉरंटीतली गाडी आली की भाऊ हात मागे बांधायचे आणि वही द्यायचे. जे काम आपलं नाही ते ज्याचं आहे त्याच्याकडून कसं करून घ्यावं, हे ते फुकट शिकवायचे, आणि लोक जुनी गाडी मग त्यांच्याकडेच आणायचे. माझ्या पेशंटांनाही मी वह्या दिल्या. डॉक्टरकडे जाताना दुखणं घरी ठेवू नका, हे वाक्य मी इतक्यांदा वापरलंय की आता ते माझंच वाटतं. दर उन्हाळ्यात आम्ही दोघं गाडी खाली लावून कुरवंड्याचा चढ पायी चढायचो, तान्हूमावशींच्या दारापर्यंत. त्या काठी टेकत अंगणात यायच्या आणि ‘मिस्तरी, आज दाढ काय म्हंते?’ म्हणून त्यांची फिरकी घ्यायच्या.

शेवटी हृदयानंच नेलं त्यांना. मला ह्याचा राग आला होता, एवढं करूनही, म्हणून. दफनानंतर दुसऱ्या आठवड्यात वहिनींकडे गेले तेव्हा रागच घेऊन गेले होते. त्यांनी चहा ठेवला आणि फडताळातून ती वही काढून दिली, तेलाचे डाग, कोपरे दुमडलेले. पहिल्या पानांवर नुसता दम आणि दाढ. मग पानागणिक ओळी विरळ होत जातात, आठवड्याला एक ओळ, मग महिन्याला एक. शेवटची ओळ ते जाण्याच्या आठ दिवस आधीची आहे. त्या दिवशी आमचा चढ ठरला होता, पण मी एका पेशंटकडे अडकले होते, जमलं नाही म्हणून कळवलं होतं, आणि मला वाटलं होतं ह्या वर्षी चढ राहून गेला. त्यांनी लिहिलंय, ‘कुरवंड्याचा चढ. पायी. एकटा. येकदा थांबलो, करवंदं खायाला. दम न्हाई. दाढ न्हाई.’ मी ती ओळ वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवली आणि मग दोघीही रडलो, आणि रडता रडता करवंदांवर हसलो.

ती वही वहिनींकडेच आहे. माझी माझ्या गाडीच्या कप्प्यात असते. परवा कुरवंड्याला निघाले तेव्हा वाटेत पेट्रोलपंप लागला, काटा पावाच्या खाली होता, आणि मी मुद्दाम थांबले नाही. तिसऱ्या वळणाच्या आधी काच खाली केली, गाणी बंद केली आणि ऐकत राहिले. तान्हूमावशी अंगणात उभ्या होत्या, काठीशिवाय, दाराची चौकट धरून. गाडीतून उतरायच्या आधी मी वही काढली आणि तारीख घालून लिहिलं: कुरवंड्याचा चढ. टाकी पाव. आवाज न्हाई.