सातवी वही

प्राणेश गेल्याला तीन वर्षं झाली. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघाला आणि मोटरसायकल लॉरीखाली आली. त्याची बायको शरण्या सासूसासऱ्यांपाशीच राहिली, इथूनच रोज पेरुंगुडीच्या ऑफिसात जात राहिली. आता ऑफिसातल्याच अमोघशी तिचं लग्न ठरलं होतं. ठरवलं तिच्या सासूनं, कनकानंच; शरण्याच्या आईवडिलांना समजवायलाही तीच तंजावरला जाऊन आली.

"अम्मा, पत्रिका शंभरच काढायच्या," शरण्या म्हणाली होती. "पण कागद तुमच्या हातचा हवा."

कनका तीस वर्षं शाळेत हस्तकला शिकवत होती. घरी रद्दीचा कागद करायची, पण तो करडा व्हायचा. पत्रिकेला पांढरा हवा, म्हणजे न छापलेला, चांगला कागद हवा. तसा घरात एकाच ठिकाणी होता. प्राणेशच्या डिप्लोमाच्या वह्या, शाईच्या पेनानं लिहिलेल्या. रद्दीवाल्याला तिनं त्या कधीच दिल्या नव्हत्या. लेकाच्या अक्षरात कुणी चण्यांचं सुंडल बांधून द्यावं आणि खाणाऱ्यानं तो कागद समुद्राच्या वाळूत टाकावा, हे तिला सोसणारं नव्हतं.

तिचे यजमान वेंकटरमण दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोराचं अक्षर मिक्सरात घालतेस?"

"मग काय, कपाटात ठेवून कसरीला खायला घालू?"

तिनं पानांचे नखाएवढे तुकडे केले, रात्रभर भिजवले, धुण्याचा सोडा घालून उकळले. पाणी निळं झालं. ते ओतून पुन्हा उकळलं, तेव्हा फिकं निळं आलं. लगदा टबात कालवून, खिडकीची डासांची जाळी ठोकलेली चौकट त्यात बुडवून तिनं पहिला कागद उचलला आणि वेंकटरमणांच्या नेसून मऊ झालेल्या जुन्या वेष्टीवर पालथा घातला.

वेंकटरमण मागे येऊन उभे होते. त्यांनी चष्मा पुसला.

"अजून निळा आहे."

"कुठे? मला तर पांढरा दिसतो."

"तुला तसाच दिसणार. नव्या घरात त्या पोरीबरोबर आपल्या पोराची शाई कशाला पाठवतेस? परत उकळ."

कनकानं तो कागद परत टबातल्या लगद्यात बुडवला. तिलाही तो निळा दिसला होता.

तिसऱ्या उकळीनंतर पाणी स्वच्छ आलं, पण धुण्यात लगदा बराच गेला. गच्चीवर वाळलेले कागद मोजले तर अठ्ठ्याऐंशी. बारा कमी.

"कॅलेंडरची पानं घालते," ती म्हणाली.

"रंग जुळेल?"

"नाही जुळणार."

वह्या सात होत्या, तिला सहाच सापडल्या होत्या. सातवी कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. रोज सकाळी बाल्कनीत वेंकटरमण पेपर उघडून बसत, आणि अर्धा तास पान उलटल्याचा आवाज येत नसे. कॉफी ठेवताना पेपराआडची वही तिनं कितीदा पाहिली होती. कधी विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही. लगद्याचं रिकामं भांडं घासत बसली.

वेंकटरमण आत गेले. वेष्ट्यांचं कपाट उघडल्याचा आवाज आला. वही तिच्यासमोर ठेवून ते जमिनीवर बसले.

शेवटच्या पानावर प्राणेशनं सही गिरवली होती. वीसएक वेळा, दर वेळी शेपटी वेगळी. कनकाचा हात थांबला.

"एवढं पान राहू द्या, अहो."

"राहिलं तर मी रोज बघत बसेन. पोदुम, कनका. पुरे झालं." त्यांनीच पान ओढून काढलं. मोठमोठे तुकडे करू लागले.

"बारीक करा," ती हलकेच म्हणाली. "मोठे भिजत नाहीत."

त्यांनी नखाएवढे केले.

रविवारी शरण्या बैठक मारून बसली. कनकानं हळद कालवली आणि छापून आलेल्या पत्रिकांच्या चारही कोपऱ्यांना बोट लावत गेली. पहिली पत्रिका वेंकटरमणांनी देवापुढे ठेवली.

"अय्यो, किती पांढरा झालाय!" शरण्यानं एक पत्रिका गालाला लावली. "कशाचा केलात, अम्मा?"

कनकानं पुढच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं.

"रद्दी पडली होती घरात," वेंकटरमण म्हणाले. "अम्माला काही टाकवत नाही, माहीत आहे ना तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाल्कनीत जाऊन बसले. कनका कॉफी घेऊन गेली तेव्हा पेपर त्यांच्या मांडीवर होता. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.