वन्संनी बांधलेला ट्रक

लग्नाआधी मैत्रिणींनी मला बजावून सांगितलं होतं, "नणंद म्हणजे टोमणे मारणारी बाई. सांभाळून राहा." मी सासरी आले आणि पाहते तर आमच्या वन्सं घण मारत होत्या. एका फाटकाची वाकडी पट्टी सरळ करायची होती आणि गिऱ्हाईक दारात उभं होतं. माझ्याकडे एक नजर टाकून त्या म्हणाल्या, "आलीस? तेवढं ते टोक धर बरं."

त्या माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. खालच्या खोलीत त्यांचं वेल्डिंगचं दुकान, वर आमचं घर. खाली ग्राइंडर सुरू झाला की वर मांडणीतल्या बशा थरथरायच्या. गल्लीत सगळे त्यांना 'ठिणगी' म्हणत, आणि ते फक्त कामावरून नव्हे. अर्ध्या गावाची फाटकं त्यांच्या हातची. त्यांच्या फाटकाला गाडी धडकली तर गाडीच दुरुस्तीला जाते, असं लोक म्हणायचे. हे ऐकलं की वन्सं खूश.

आमचं गाव संपलं की वाळू सुरू होते. वाळूत लांब लांब वस्त्या आहेत आणि तिथे जायचं काम दवाखान्यातल्या नर्सबाईंचं. त्यांची जीप वाळूत रुतायची, कुणीतरी साखळी लावून ओढायचं आणि ओढताना हुक तुटायचा. तुटला की हुक वन्संच्या दारात.

एकदा वन्संनी हुक हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "नर्सबाई, हा मी आणखी किती वेळा जोडायचा?"

"तुटेल तितक्या वेळा. मी तरी काय करू?"

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललंय आपलं. खोट हुकात नाही, गाडीत आहे."

"मग द्या बांधून दुसरी!" नर्सबाई वैतागून म्हणाल्या.

त्या बोलल्या रागाने, पण वन्संनी ते मनावर घेतलं.

दवाखान्याच्या मागे लिलावात घेतलेला एक जुना लष्करी ट्रक पडून होता. पुढच्या-मागच्या सगळ्या चाकांना जोर मिळणारा, इंजिन शाबूत, बाकी सगळा गंजलेला. मोठे डॉक्टर म्हणाले, "नाहीतरी सडतोच आहे, घेऊन जा." ट्रक ओढत आमच्या दारात आणला, तेव्हा गल्लीतून सायकल जायलाही जागा उरली नाही. कोपऱ्यावरचे टायरवाले मामा रोज येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. पण मदतीला तेच पहिले आले. मागची जोडचाकं काढून एकेकच रुंद चाक घालायचं, हे त्यांनीच सांगितलं. "मागचं चाक पुढच्याच्या चाकोरीतून गेलं पाहिजे. नाहीतर प्रत्येक चाक आपली वेगळी वाळू खणत बसतं." वन्संनी चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी उंच केली. मग तिच्यावर जाड पत्र्याची खोली बांधली. आत रुग्णाला आडवं करायला बाक, औषधांची कपाटं, पाण्याची टाकी. जोड असे गुळगुळीत की बोट फिरवलं तर कुठे अडायचं नाही.

चाचणीच्या दिवशी सारी गल्ली वाळूच्या टेकडीपाशी जमली. वन्संना गाडी चालवता येत नव्हती, म्हणून नर्सबाई बसल्या. ट्रक ऐटीत निघाला, टेकडीला लागला आणि जागच्या जागी खाली बसला. मामांनी टायरमधली हवा कमी केली. तरी चाकं गरगर फिरत खोलच गेली.

"ठिणगे, नाकापेक्षा मोती जड झाला गं," मामा म्हणाले. कुणीतरी हसलं.

वन्सं हसल्या नाहीत आणि भांडल्याही नाहीत. ट्रकला एक फेरी मारली, पत्र्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता या खचल्या. पण साखळीने ट्रक ओढवून घरी आल्या, चहा प्यायल्या आणि खाली जाऊन पत्र्याला कटर लावला.

माझा नवरा धावत जिना उतरला. "ताई, अगं वेड लागलंय का? एवढ्या महिन्यांचं काम!"

"माझंच आहे ना? मग मीच कापणार. फाटक बांधलं मी, गाडी नाही. आयुष्यभर सवय एकच, कुणी आत येऊ नये असं बांधायचं." मग कटर खाली ठेवून म्हणाल्या, "तू शिलाईवाला ना? किती जाड ताडपत्री शिवतं तुझं मशीन?"

मशीनने दोन सुया मोडल्या, पण शिवली. पत्र्याच्या जागी बारीक नळ्यांचा सांगाडा आला आणि भिंतींच्या जागी आमची ताडपत्री. तिच्या कडांना कड्या मी ठोकल्या. कपाटं गेली, शिवलेले कप्पे आले. गल्लीतले लोक म्हणू लागले, ठिणगीने तंबू बांधला. म्हणेनात का, वन्सं ढिम्म.

दुसऱ्या वेळी बघायला फारसं कुणी आलं नाही. नर्सबाईंनी टेकडीच्या पायथ्याशी गाडी आणली, थांबवली, आणि वन्संना म्हणाल्या, "तुम्हीही बसा शेजारी."

"वजन वाढेल."

"तुमच्या वजनाने अडली तर गाडी परत कापा."

ट्रक गुरगुरला, थोडा घसरला आणि मग न थांबता चढत गेला. माथ्यावर क्षणभर नुसत्या आभाळापुढे दिसला आणि पलीकडे उतरला. मामांनी डोक्यावरची टोपी काढून हवेत फेकली. माझ्या नवऱ्याने डोळे पुसले आणि वाळू गेली म्हणाला. वारा पडलेला होता.

त्या दोघी मागे वळल्याच नाहीत, थेट सगळ्यात लांबच्या वस्तीवर गेल्या. तिथलं नर्सबाईंनी मला नंतर सांगितलं. बायका गोळा झाल्या, ताडपत्री उचलून आत डोकावल्या, बाकावर बसून पाहिलं. एका म्हातारीने विचारलं, "कोणी बांधली ही?"

आमच्या वन्सं, ज्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं तयार असतात, त्या एवढंच म्हणाल्या, "मी."

"एकटीने?"

"नाही, घरच्यांनी मिळून. पण मी."

म्हातारीने मान डोलावली आणि आत चढायला पाय उचलला. तो पोचेना. वन्संनी तिला काखेत धरून वर चढवलं, मग गुडघ्यांवर बसून वितीने उंची मोजली आणि नर्सबाईंना म्हणाल्या, "पायरी राहिली. उद्या सकाळी गाडी दारात आणून लावा."