डाव्या हाताची अक्षरं

बारावीच्या वर्षी मी कपाटावर वेळापत्रक चिकटवलं होतं. चार ते सहा भौतिकशास्त्र. एखादा तास चुकला की अख्खा दिवस हातचा गेल्यासारखा वाटायचा आणि मी रडकुंडीला यायचे.

त्या दुपारी पुस्तकातून नजर उठली ती शेजारच्या गॅलरीत गेली. तिथले काका डाव्या हाताने अक्षरं गिरवत होते. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. उन्हाची तिरीप वहीवरून सावकाश सरकत होती. एवढ्यात त्यांची छोटी नात येऊन मांडीवर बसली. काकांनी पेन्सिल खाली ठेवली आणि कितीतरी वेळ ते तिच्याशी गप्पा मारत राहिले. ती पळाल्यावर त्यांनी अर्धवट राहिलेला 'क' पुरा केला.

मी कठड्याशी जाऊन विचारलं, "काका, मधेच थांबावं लागलं की चिडचिड नाही होत?"

"होते की! पण ती आली नसती तर जास्त झाली असती." ते हसले. "वही कुठे पळून जाते का गं?"

मी तिथेच रेंगाळले. घड्याळ सांभाळण्याच्या नादात अभ्यासात मन शेवटचं कधी रमलं होतं, ते मला आठवेचना.

आत आले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. बुडालेल्या वेळाचा हिशेब न करता मी प्रकाशाचा धडा उघडला. बाहेर अंधार पडल्याचं मला आईने दिवा लावला तेव्हा कळलं.