गोवराची लस आणि बिनफोडणीची आमटी

माझ्या दोन्ही हातांवर मिळून अकरा चामखिळी होत्या. घरात त्या खपून गेल्या असत्या, पण आळेफाट्याजवळच्या आमच्या गावच्या शाळेत मी पोरांची खिचडी शिजवायचे. पोरं ताट पुढे करायची आणि आधी माझ्या हातांकडे बघायची. काहींच्या आयांनी तक्रार केली. मुख्याध्यापक भला माणूस. भली माणसं बोलतात तसंच बोलले, "ताई, दिवाळीपर्यंत हात नीट करा. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल." तेव्हा श्रावण चालू होता. मला ते काम सोडायचं नव्हतं. लग्नानंतर गावाने माझं म्हणून ओळखलेलं ते एकच काम होतं.

घरगुती इलाज सगळे झाले होते. वरातीच्या घोड्याच्या शेपटीचा केस ओतूरहून आणून सगळ्यात मोठीला करकचून बांधला. आठ दिवसांनी केस गळून पडला, चामखीळ जागेवर. चुना आणि सोडा लावला, तर चांगली कातडी भाजली. मंचरला जाऊन करंटने जाळून घेतल्या, तर चार महिन्यांत लेकुरवाळ्या होऊन माघारी आल्या.

शेवटी आळेफाट्यावर आठवड्यातून एकदा बसणाऱ्या कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात उलटेसुलटे करून पाहिले. दिवस गेलेले नाहीत ना, हे दोनदा विचारलं. मग म्हणाले, "लहान मुलांना देतात ना, ती गोवराची लस. सगळ्यात मोठ्या चामखिळीत थोडी टोचायची. त्याने शरीर जागं होतं आणि बाकीच्यांनाही हुसकावून लावतं. रीत नवी आहे. पुष्कळांना गुण येतो, सगळ्यांना येत नाही."

"अकरा जणींना एकच सुई?"

"एकच. पोलिसाला टोळीतला एक जण दाखवला की बाकीचे तो शोधतो."

डॉक्टरांनी आमच्याकडचे पोलीस पाहिले नसावेत. मी हात पुढे केला. सुई अशी दुखली, की मला आधी माझी आई आठवली आणि मग तिचीही आई. दर तीन आठवड्यांनी या, असं सांगितलं.

घरी येऊन मी चूक केली. कसली सुई म्हणून सासूबाईंनी विचारलं आणि मी खरं सांगितलं.

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "गोवराची? म्हंजी देवी सुईनं टोचून घरात आणली व्हय?"

लस म्हणजे आजार नव्हे, हे मी समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठल्या आणि दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला.

आमच्याकडे गोवर हा आजार नसतो, पाहुणी आलेली देवीआई असते. फोडणी बंद, कारण तडतडणारी मोहरी तिला सोसत नाही. तळण नाही, कुणाकडे जाणं-येणं नाही. सात दिवस आम्ही बिनफोडणीची आमटी खाल्ली. माझ्या दुखण्यात नवऱ्याने आजवर रस घेतला नव्हता. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "किती सुयांची भानगड हाय ही?"

"चार-पाच," मी म्हटलं.

ते फाट्यावर जाऊन भजी खाऊन आले.

डहाळा साऱ्या गावाने पाहिला. शाळेतून निरोप आला, की घरात गोवर असताना पोरांच्या अन्नाला हात लावू नका. मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेले. मुख्याध्यापकांनी ती वाचली आणि घडी घालून परत दिली. "मला पटतंय हो. आयांना कसं पटवू?" माझ्या जागी दुसरी बाई आली. काम टिकवायला लस घेतली आणि लशीनेच ते घालवलं. घरी येऊन मी तो डहाळा ओढून चुलीत घातला. सासूबाई दुसरा आणायला गेल्या. कडुलिंबाला आमच्याकडे तोटा नाही.

तीन सुया झाल्या, तीन वेळा बिनफोडणीचं झालं. तिसरीनंतर मोठी चामखीळ काळी पडून गळाली. मग डाव्या हातावरच्या, ज्यांनी सुई पाहिलीही नव्हती, त्या बारीक होत गेल्या. दिवाळीच्या आत दोन्ही हात कोरे झाले. मी त्यांच्याकडे बघत बसायचे. दुसरं काम नव्हतंच.

पालकसभेच्या दिवशी सासूबाई मला शाळेत घेऊन गेल्या आणि सगळ्या आयांसमोर माझे हात वर केले. "आई आली व्हती, गेली. जाताना समदं घिऊन गेली. आता हितं कायबी न्हाई."

चिठ्ठीने जे झालं नव्हतं ते एवढ्याने झालं. माझ्या जागी आलेली बाई धुराला कंटाळलेलीच होती. मला मात्र राग आला. सुया सोसल्या मी आणि नाव पाहुणीचं. दोघी-तिघींनी तिथेच सासूबाईंना आपापल्या चामखिळी दाखवल्या. "आदी फाट्याला जाऊन सुई घ्या," त्या म्हणाल्या, "मंग माझ्याकडं या."

सुट्टीनंतर मी पुन्हा खिचडी केली. पोरं ओळीने बसली होती. पहिल्या ताटापाशी वाकले, तर पोरगी खिचडीकडे बघत होती. पुढचा पोरगाही खिचडीकडेच. ओळ संपत आली तरी माझ्या हातांकडे कुणी बघितलं नाही. शेवटच्या पोराने ताट पुन्हा पुढे सरकवलं.

"मावशी, अजून वाढा."

मी वाढली. मला रडू आलं. एका हातात पातेलं होतं, दुसऱ्यात पळी, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.