भोंग्यामागचा नट

खामगावात कुणाची बकरी हरवली किंवा उद्या नळ येणार नसला, की आमच्या भागाला ते रिक्षातून दवंडी देणाऱ्या एका माणसाच्याच तोंडून कळतं. त्याच्या रिक्षावर भोंगा आणि हातात माईक असतो. बोलायच्या आधी तो चप्पल काढतो, घसा खाकरतो आणि चौक रिकामा असला तरी नमस्कार करतो.

"रेकॉर्ड करून लाव ना बे," मी एकदा म्हटलं.

"नाही जमत, सर. लहानपणी गावच्या नाटकात काम मागतलं, तं मले पडदा ओढाले लावलं. आता कुठं स्टेज भेटलं."

बकरीसाठी तर तो असा हुंदका देतो, की एकदा लोकांनी कळवळून तीन बकऱ्या आणून दिल्या. हरवलेली त्यात नव्हतीच.

गेल्या उन्हाळ्यात चौकातला सायकलवाला म्हातारा वारला. त्याला मागेपुढे कुणी नव्हतं. याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी सकाळीच हा रिक्षा घेऊन गल्लीगल्लीतून फिरला. त्या दिवशी त्यानं हुंदका दिला नाही, आवाजही चढवला नाही.

"तुमच्या लेकराईच्या सायकलीचे पंक्चर ज्यानं काढले, तो बुढा गेला. त्याले खांदा द्याले चाला."

स्मशानात पाय ठेवायला जागा उरली नाही. हा सगळ्यांच्या मागे, चप्पल काढून उभा होता. मी शेजारी जाताच माझ्या कानाशी पुटपुटला, "सर, पब्लिक पाहा किती आली!"

आणि लगेच त्यानं जीभ चावली.