मुळ्याच्या वाफ्यातला खून

समस्त वाचकांस गंभीरपणे कळवण्यात येते की, लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून शेजारच्या काकींच्या मांजराचा खून झाला.

चूक खताची होती. माडांच्या बुंध्याशी पुरतात ती शिळी तारली मासळी मी मुळ्याच्या वाफ्यांतही पुरली. मुळा तरारेल आणि सासूबाई सुनेला नावाजतील, असा माझा बेत. प्रत्यक्षात वाडीतली झाडून सारी मांजरं वासावर आली. तारली उकरून खायची आणि त्याच भुसभुशीत मातीत घाण करून जायची. शेवटी एका सकाळी मी चिडून करवंटी भिरकावली. ती काकींच्या पिवळ्या मांजराच्या डोक्यात बसली आणि ते आडवंच झालं.

मांजर मारणाऱ्याला काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. माझ्याकडचं सोनं म्हणजे माहेरच्या दोन बांगड्या. त्या वितळवून मांजर ते कितीसं होणार? एक कान? आणि सासरी तोंड कसं दाखवायचं? मी त्या आडव्या मांजरावर टोपली पालथी घातली. तेवढ्यात कुंपणाच्या दगडी गडग्यावरून काकींचं डोकं वर आलं.

"गो, माझा मांजर खंय दिसला?"

"नाय गो काकी," म्हणताना माझे दात वाजत होते.

"घामान भिजलंस कित्याक? ताप इलो काय?"

इतक्यात टोपली हलली आणि आपली आपण मुळ्यातून चालू लागली. मी किंचाळले, "जिता आसा गो काकी, मी मारूक नाय!"